करंज चौकातला मुक्काम

कोल्हापूरला मी पक्षी बघायला चालले आहे असं सांगितलं की बडोद्यातला माणूस क्षणभर थांबायचा आणि मग विचारायचा, "पक्षी? मग मिसळ कधी खाणार?" मी हसून विषय बदलायचे. मला स्वतःबद्दल फार सांगायला आवडत नाही. दुर्बीण गळ्यात अडकवून झाडाखाली उभी राहणारी मुलगी लोकांना विचित्र वाटते, हे मला शाळेपासून माहीत आहे.

जानेवारी संपत आला होता. आमच्याकडे उत्तरायण नुकतंच होऊन गेलं होतं. त्या दोन दिवसांत सगळं बडोदं पतंग घेऊन गच्चीवर असतं, आणि आमच्या सोसायटीजवळ उभारलेल्या तात्पुरत्या दवाखान्यात मांज्याने कापलेली कबुतरं आणि बगळे पुठ्ठ्याच्या खोक्यांतून येत राहतात. पतंग उडवणारी माणसं वाईट नसतात. पुष्कळदा तीच खोकी घेऊन येतात. हे कोडं मला कधी सुटलेलं नाही. या वर्षीचं उत्तरायण संपलं तेव्हा मला कुठेतरी जायचं होतं, जिथे पक्षी नुसते बघता येतील.

आईची मावसबहीण सुमनमावशी कोल्हापुरात एका जुन्या पेठेत राहते. फोनवर ती म्हणाली, "ये की. रंकाळ्यावर बदकं आल्यात. आन आमच्या दारात तर रोज संध्याकाळी बाजारच भरतोय." कसला बाजार, ते तिने सांगितलं नाही.

पेठेत

पहिल्या सकाळी मला जाग आली ती भांडणाने. खाली गल्लीत दोन माणसं एकमेकांवर ओरडत होती. मी घाबरून खिडकीतून पाहिलं, तर एक जण दुसऱ्याला आजचा पेपर वाचून झाला का, असं विचारत होता. पुढच्या चार दिवसांत मला कळलं की इथे सगळं याच आवाजात चालतं. प्रेमसुद्धा. आमच्या घरी कुणाला जेवायला थांबा म्हणायचं तर तीन वाक्यं लागतात. मावशी म्हणाली, "बस. जेव."

मावशी शाळेत शिकवते. शाळेत ती छापील मराठी बोलत असेल, घरी नाही. "मी आलोच, तू चहा घे," असं ती म्हणाली तेव्हा मी दाराकडे बघितलं, कुणी पुरुष आलाय की काय म्हणून. इथल्या बायका सर्रास "मी येतो, मी जातो" म्हणतात, आणि दोन दिवसांनी ते कानाला इतकं बरोबर वाटायला लागलं की माझं "मी येते" मलाच नाजूक वाटू लागलं. माझं मराठी तसंही इंग्रजी शाळेतून घरी आलेल्या मुलीचं. बोलण्याआधी वाक्य मनात एकदा तपासून बघण्याची सवय आहे मला.

काका शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत आहेत आणि त्यांची पाळी असेल तसं घर जेवतं. मुलगा अभिजित माझ्याहून वर्षभराने लहान. तो करंज तालमीचा गोलकीपर. तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा, एवढंच मला माहीत होतं. इथे तालीम म्हणजे पेठेचा गणपती, रक्तदान, लग्नातली धावपळ, भांडणाचा निवाडा आणि सगळ्यांत वर फुटबॉलचा संघ. घरात देवांच्या फोटोशेजारी संघाचा फोटो होता.

"रविवारी फायनल हाय," अभिजितने ओळख करून देतानाच सांगितलं. "पाणवठा तालमीबरोबर. तू थांबायचंस."

मी शनिवारी निघणार होते. ते मी बोलले नाही, आणि तिकीट बदलून आणलं.

रंकाळा

पहाटे रंकाळ्यावर धुकं पाण्याला चिकटून असतं. काठावर फिरायला आलेल्यांची गर्दी, पोहणाऱ्यांच्या आरोळ्या, एका बाजूला म्हशी धुणं चाललेलं, आणि या सगळ्यापासून हाकेच्या अंतरावर पक्षी असे निवांत की त्यांनी हा गोंगाट भाड्यात धरलेला असावा. चांदव्यांचे काळे थवे कपाळावरचा पांढरा टिळा मिरवत पोहत होते. केंदाळावरून लांब बोटांची जांभळी पाणकोंबडी चालत होती, एखाद्या बाईने नवी साडी चिखलात सांभाळावी तशी पाय उचलत. ही इथलीच, बारमाही.

तिच्या पलीकडे बदकांची जोडी होती. इंग्रजीत त्यांना चोचीवरच्या ठिपक्यावरून नाव आहे आणि मी ते नाव वर्षानुवर्षं लिहीत आले आहे. सोबत आलेली मावशी म्हणाली, "हळदी-कुंकू." मी दुर्बीण पुन्हा लावली. चोचीच्या टोकाला पिवळं आणि मुळाशी लाल. इतक्या वर्षांत मी तो रंग पाहिला होता, पण हळद आणि कुंकू पाहिलं नव्हतं.

हिवाळी पाहुणे थोडे आत, खोल पाण्यात होते. फावड्यासारख्या चोचीचे थापटे गोल गोल फिरत पाणी चाळत होते, आणि तलवार बदकांच्या शेपट्यांची लांब टोकं उन्हात दिसत होती. ही सगळी बर्फाच्या मुलखातून आलेली. मी त्यांच्याकडे बघत पायऱ्या उतरले आणि शेवटच्या पायरीवर, जिथे कपडे धुण्याचा साबण सांडला होता, तिथून सरळ गुडघाभर पाण्यात गेले. दुर्बीण तेवढी वर धरली.

"अगं पोरी, बदक धराय निघालीस व्हय?" धुणं धुणारी एक बाई ओरडली. सगळा घाट हसला. माझे कान गरम झाले. पण त्याच बाईने हात धरून मला वर ओढलं, दगडावर बसवलं आणि न विचारता माझ्या ओढणीचा चिखल दोन आपटांत काढून दिला. "पावणं कुठलं?" तिने मावशीला विचारलं. "बडोद्याचं," मावशी म्हणाली. "तरीच," बाई म्हणाली. तरीच म्हणजे काय, ते मला अजून कळलेलं नाही.

घरी आल्यावर मिसळ खाल्ली. आमच्याकडे वरणातही गूळ असतो. मी पाणी पीत होते आणि अभिजित शांतपणे माझ्या ताटलीत आणखी कट ओतत होता.

करंजाखाली

मावशीने सांगितलेला बाजार त्याच संध्याकाळी पाहिला.

तिच्या घराच्या दारातच चौक आहे. चौकाच्या मधोमध मोठा, दाट पानांचा करंज, त्याच्याभोवती दगडी कट्टा, एका अंगाला तालमीची इमारत, आणि दुसऱ्या अंगाला संध्याकाळी म्हशी आणून बांधणारा गवळी. लोक कट्ट्यावर बसतात आणि गवळी समोरच धार काढून फेसाळ दुधाचा ग्लास हातात देतो. मावशीने मला ग्लास दिला. दूध कोमट होतं, म्हशीइतकंच कोमट. पहिला घोट घेताना मी डोळे मिटले होते. दुसऱ्याला मिटावे लागले नाहीत.

ऊन छपरांवरून उतरलं तेव्हा पहिला परीट पक्षी आला. काळा-पांढरा, सडपातळ, बसल्याबसल्या शेपटी खालीवर आपटणारा. विजेच्या तारेवर बसला. मग दोन आले. मग तालमीच्या पन्हाळीवर, टाकीच्या कडेवर, दुकानांच्या पाट्यांवर जागोजागी शेपट्या हलायला लागल्या. दिवसभर नदीकाठी, शेतात, मैदानात एकेकटे हिंडणारे हे पक्षी सगळ्या दिशांनी चौकाकडे येत होते. मी मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. खालून स्कूटर, रिक्षा, म्हशी, दूध पिणारी माणसं जात-येत होती. वर आकाशातून चिझिक, चिझिक असा बारीक आवाज पावसासारखा पडत होता. मग कुठलीतरी खूण झाल्यासारखा एक थवा तारेवरून सुटला आणि करंजात घुसला. त्यामागे दुसरा. अंधार पडेपर्यंत झाड त्यांना आत घेत राहिलं. पानांच्या आत जागेवरून कुरबुर चालली होती, आणि मग एकेक करत ती थांबली.

माझ्या हातातला ग्लास तसाच होता. असं दृश्य मी पुस्तकात वाचलं होतं. पण ते वाचताना त्यात म्हशी नव्हत्या.

"हिमालयाच्या पलीकडनं येत्यात म्हणं," मावशी म्हणाली. "एवढं जंगल सोडून आमच्या चौकात. दसऱ्याच्या आसपास आली की होळीपर्यंत मुक्काम." तिच्या बोलण्यात घरची मुलगी माहेरी आल्याचा अभिमान होता. मग तिने आवाज खाली आणला. तिचा खालचा आवाज मी प्रथमच ऐकत होते. "रविवारची काळजी लागल्या बघ."

कारण तिने सांगितलं. तालीम फायनल जिंकली की मिरवणूक चौकात येते आणि फटाक्यांची माळ करंजाच्या फांद्यांना बांधून लावतात. पूर्वीपासून. सामना संपून गुलाल उधळत पोरं चौकात पोचतात ती बरोबर दिवेलागणीला, म्हणजे पाखरं झाडात शिरल्यावर. दोन हिवाळ्यांपूर्वी तालीम जिंकली होती. माळ लागली तेव्हा सगळं झाड एकदम उडालं. अंधारात तारांवर, भिंतींवर आपटलेले परीट मावशीने सकाळी सुपात गोळा केले होते. त्या वर्षी उरलेला हिवाळा झाड रिकामं राहिलं. गेल्या वर्षी थोडी आली. या वर्षी पुन्हा भरलं होतं.

"मग यंदा…" मी म्हणाले.

"जिंकलो तर पाखरं जाणार. हरलो तर पोरगं जेवायचं न्हाय." ती करंजाकडे बघत होती. "आई म्हणून काय मागू सांग अंबाबाईला?"

कळंबा आणि गुऱ्हाळ

गुरुवारी अभिजितने मला मोटारसायकलवरून कळंब्याच्या तलावावर नेलं. मावशीने सांगितलं म्हणून. वाटेत तो एक शब्द बोलला नाही आणि मीही नाही. त्यामुळे आमचं बरं चाललं होतं.

कळंबा रंकाळ्यापेक्षा शांत. उथळ कडेला शेकाटे लाल लांब पायांवर चालत होते, आणि एक भोवत्या ससाणा बोरूंवरून खालच्या खाली तरंगत येताच सगळी बदकं एकदम पाण्याच्या मध्याकडे सरकली. अभिजितने दुर्बीण मागितली. बराच वेळ बघत राहिला.

"ह्यो बदकांना पोझिशन सोडाय लावतोय," तो म्हणाला. "झडप घालत न्हाय बघ. नुसता फिरतोय. एकटं कोण ऱ्हातंय ते बघतोय. आमचा स्ट्रायकर असाच पायजे हुता."

मी हसले. मग काठावर एकच परीट दिसला, चिखलात पळत किडे टिपणारा. मी बोट दाखवलं.

"हा तुमच्या चौकातला असेल. संध्याकाळी तिकडेच येईल."

"एवढ्या लांबनं येतोय, आन झोपाय आमचा चौक? लॉज न्हाय गावला ह्याला?" पण तो बघत राहिला. मग दुर्बीण न काढताच म्हणाला, "आई तुला बोलली आसंल माळंचं. एका रात्रीचा तर प्रश्न हाय. उडून दुसऱ्या झाडावर बसतील की."

मनात वाक्य तपासायला वेळ नव्हता. "नाही बसत," मी म्हणाले. "अंधारात त्यांना नीट दिसत नाही. एकदा उडाले की कुठे उतरायचं ते कळत नाही. पहाटेपर्यंत आदळत राहतात. जे वाचतात ते परत येत नाहीत, कारण ते झाड म्हणजे त्यांच्यासाठी धोक्याची जागा झालेली असते."

मी मराठीत इतकं एका दमात कधी बोलले नव्हते. त्याने दुर्बीण परत दिली. "पेठेचा मान असतोय," एवढंच म्हणाला. रागाने नाही. बूट घट्ट बांधावेत तसं.

परतताना गुऱ्हाळावर थांबलो. उसाचा हंगाम जोरात होता. कढईतून निघणारा वाफेचा गोड वास रस्त्यापर्यंत येत होता. गुऱ्हाळवाल्याने विचारलं, "गोली, रविवारी काय?" गोली म्हणजे गोलकीपर. अभिजित म्हणाला, "बघा की." मग द्रोणात गरम काकवी आली आणि तिच्यात मोडून टाकलेली भाकरी. समोरच्या तोडलेल्या शेतातून भोरड्यांचा थवा उठला, गुलाबी आणि काळा, वळताना एका अंगाने उजळणारा, आणि मी काकवी हातावर सांडून घेतली. "पाखरं बघताना हिला काय खायाला देऊ नका," अभिजित गुऱ्हाळवाल्याला म्हणाला. माझ्यावर केलेला त्याचा तो पहिला विनोद.

कट्ट्यावरची बैठक

शुक्रवारी संध्याकाळी मावशी तालमीत गेली आणि मलाही ओढून नेलं. बापू वस्ताद कट्ट्यावर बसले होते. जाडजूड, पांढऱ्या मिशांचे, गुडघेदुखीमुळे पाय लांब करून. तालमीत त्यांचा शब्द शेवटचा. भोवती संघातली पोरं.

"वस्ताद, रविवारी जिंकल्यावर माळ कुठं लावणार?" मावशीने नमस्कार-चमत्कार न करता विचारलं.

"दरवेळी लावतोय तिथंच. करंजाला."

"यंदा नगं."

सगळे एकदम बोलायला लागले. "मास्तरीण, जिंकून बी आवाज फुटंना म्हणतील पाणवठेवाले!" "चौकात माळ न्हाई म्हंजे अर्धीच फायनल झाली की ओ." एक जण म्हणाला, "त्यापेक्षा पाखरांस्नी सांगा, रविवारी पाणवठ्यावर झोपा म्हणावं." कट्टा हसून लोटपोट झाला. अभिजित हसला नाही.

बापूंनी हात वर केला. "हे पावणं पाखरांचंच बघाय आल्यात न्हवं? बोला की पावणं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. एवढी तोंडं माझ्याकडे वळली की माझा आवाज जातो. मला अभिजितला सांगितलेलं काहीच आठवेना. मी गळ्यातली दुर्बीण काढली आणि बापूंच्या हातात दिली. तेवढ्यात तारांवर जमायला सुरुवात झालीच होती.

बापूंनी बराच वेळ पाहिलं. मिशी हलत होती. "मर्दा, डोळा बघ की रं किती काळाभोर," ते स्वतःशीच म्हणाले. मग दुर्बीण पोरांत फिरली. पाखरांस्नी पाणवठ्यावर पाठवणारा पोरगा ती परत द्यायला तयार नव्हता. झाड भरेपर्यंत वाद असा झालाच नाही. फक्त "मला दे, मला दे" चाललं होतं.

"माळ नदीच्या घाटावर लावायची," शेवटी बापू म्हणाले. "चौकात नुसता गुलाल. हलगी कोपऱ्यापातूर. कोण काय म्हणलं तर माझं नाव सांगा. पर आदी जिंका, लेकानु."

शनिवारी पोरांनी माळेचं खोकं घाटावर नेऊन ठेवलं. मिरवणूक कुठून वळणार, हलगी कुठे थांबणार, सगळं ठरलं. मावशीने रात्री पांढरा रस्सा केला आणि मला दोन वाट्या प्यायला लावला. तिच्या मनावरचं ओझं उतरलं होतं. आता अंबाबाईकडे ती बिनदिक्कत एकच गोष्ट मागू शकत होती.

फायनल

मी त्याआधी कधी मैदानात जाऊन सामना पाहिला नव्हता. स्टेडियम इतकं भरलं होतं की भिंतीबाहेरच्या झाडांवरही माणसं होती. बायका अगदी थोड्या, आणि त्यांत मावशी. शाळेत मुलांना हळू बोला म्हणणारी माझी मावशी पंचांना जे म्हणत होती ते मी इथे लिहू शकत नाही.

गोल झालाच नाही. पाणवठ्याची पोरं पुन्हा पुन्हा चाल करून येत होती आणि अभिजित पुन्हा पुन्हा आडवा होत होता. सामना पेनल्टीवर गेला. त्याने एक अडवली तेव्हा मावशीने माझा दंड इतका आवळला की नंतर वळ उठला. मग आपल्या एकाने चेंडू बारवरून मारला. शेवटची पेनल्टी पाणवठ्याच्या कप्तानाची होती. अभिजितने बरोबर बाजूला उडी घेतली. बोटं लागली. चेंडू बोटांना लागून आत गेला.

एका बाजूचं स्टेडियम उसळलं आणि आमची बाजू दगड झाली. चालत घरी येताना मावशी एकदाच म्हणाली, "पाखरं तरी वाचली," आणि पदराने नाक पुसलं.

चौकात परीट जमायला लागले होते. गवळ्याने म्हशी आणल्या होत्या, पण कट्ट्यावर दूध प्यायला कुणी नव्हतं. बापू एकटेच बसले होते. गवळी धार काढता काढता सहज म्हणाला, "मास्तरीण, गाड्या आत घ्या. पाणवठेवालं येतील आता."

मावशी जागीच थांबली. "इकडनं?"

"मग कुठनं? जिंकलेला हरलेल्याच्या चौकातनं जातोय. आमी न्हाय गेलतो दोन वर्सामागं? त्यांच्या दारात माळ लावून आलतो की."

मी बापूंकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले. जिंकल्यावर काय करायचं ते सगळं ठरलं होतं, कोपऱ्याकोपऱ्यासह. हरलो तर काय, हे करंज तालमीत कुणी बोललंच नव्हतं. तो विषय काढणारा माणूस त्या पेठेत जन्मला नव्हता.

दुरून हलगी ऐकू येत होती. वर तारा भरल्या होत्या. पहिले थवे झाडात शिरायला लागले.

"त्यांना अडवणार कोण?" मावशी म्हणाली.

"हरल्यावर?" बापू म्हणाले. "कुठल्या तोंडानं?"

तेवढ्यात अभिजित आला. मातीने भरलेली जर्सी, हातमोजे खांद्यावर टाकलेले. तो कुणाकडे न बघता घरात शिरत होता. दाराशी थांबला, हलगीचा आवाज ऐकला, मग मान वर करून झाडाकडे पाहिलं. बराच वेळ. मग पिशवी मावशीच्या पायाशी ठेवून तो कोपऱ्याकडे चालायला लागला. मावशी त्याच्यामागे निघाली आणि मी तिच्यामागे.

मिरवणूक वळणावर आली होती. गुलालाने लाल झालेली पोरं, हलगी, आणि पुढच्या दोघांच्या हातात वेटोळं केलेली माळ. कप्तान कुणाच्यातरी खांद्यावर होता.

"आरं, गोली आला की! हार घालाय आलास काय रं?" तो वरून ओरडला.

"सागऱ्या, माळ चौकात लावू नका."

"का? कान दुखत्यात?"

"झाडावर पाखरं झोपत्यात. आवाजानं अंधारात उडत्यात आन मरत्यात. आमी बी चौकात लावणार न्हवतो."

"हरल्यावर समदीच असं म्हणत्यात!" हशा झाला. मी दुर्बिणीचा पट्टा मुठीत धरून उभी होते.

अभिजित हलला नाही. "आमची माळ घाटावर पडल्या. कालपास्नं. माणूस धाडून बघ. ती बी तुमीच न्या, आन दोन्ही तिथंच लावा. पर हितं नगं."

सागर खांद्यावरून खाली उतरला. हलगीवाल्याला हात केला. आवाज थांबला, आणि त्या थांबण्यात वरची चिझिक, चिझिक पहिल्यांदा सगळ्यांना ऐकू आली. गुलालाने माखलेली तोंडं वर झाली. संधिप्रकाशात थव्यामागून थवा पोरांच्या डोक्यांवरून करंजाकडे जात होता.

"आयला," कुणीतरी म्हणालं.

सागरने तोंडावरचा गुलाल पुसला. मग अभिजितकडे वळला. मोठ्या मनाचा असला तरी तो पाणवठ्याचाच होता. "माळ न्हाय लावत. पर आमचा जयजयकार तू करायचा. तुझ्या चौकात."

मागे आमच्या पेठेतली पोरं जमली होती. कुणीतरी "ए!" म्हणून पुढे झालं. अभिजितने न वळता हात मागे करून त्याला थांबवलं.

"करतो," तो म्हणाला. "पर हळू करतो. मोठ्यानं केला तर ती उडतील."

मग मी जे पाहिलं ते पुन्हा कुठे बघायला मिळेल असं वाटत नाही. कोल्हापुरातली विजयी मिरवणूक करंज चौकातून कुजबुजत गेली. हलगी काखेत, माळ पोटाशी धरलेली, चपला हातात. सगळ्यांच्या पुढे हरलेला गोलकीपर, शाळेत बाईंना कळू नये म्हणून शेजाऱ्याशी बोलावं तशा आवाजात, "पाणवठा तालमीचा… विजय असो," आणि मागून तितक्याच हळू, "विजय असो." आमची पेठ दारात उभी राहून बघत होती. कुणी हसत नव्हतं. गवळ्याने म्हशीच्या गळ्यातली घंटा मुठीत धरली होती. वर झाड भरत राहिलं, जागेवरून भांडत राहिलं, आणि खालून कोण जिंकून चाललं आहे याची त्याला काही खबर नव्हती.

मिरवणूक पलीकडच्या वळणाआड गेली. थोड्या वेळाने घाटाकडून दोन माळांचा आवाज आला, लांबून, ढग गुरगुरल्यासारखा. करंजातून एकही पक्षी उडाला नाही.

अभिजित कट्ट्यावर बसला. त्याने हातमोजे तोंडावर धरले आणि त्याचे खांदे हलायला लागले. मावशी त्याच्या शेजारी जाऊन बसली, पाठीवर हात ठेवला आणि झाडाकडे एकदा बघून घेतलं.

"रड की," ती म्हणाली. "पर जरा हळू."